पाचाला सहा

उन्मेष बोधनकर वजनकाटे तपासतो. व्हँकुव्हरजवळच्या सरेपासून चिलिवॅकपर्यंत जिथं जिथं माल तोलून विकला जातो, ग्रोसरीची दुकानं, मासळीचे कारखाने, कुरियरची गोदामं, तिथं तो पोलादी वजनांची पेटी घेऊन जातो, काट्यावर एकेक वजन ठेवतो, फरक लिहून घेतो आणि काटा बरोबर असेल तर त्यावर तारखेचं लेबल चिकटवतो. नागपूरला इंजिनिअर होऊन १९९८ साली तो बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन कॅनडात आला. तेव्हापासून कंपन्या दोन झाल्या, काम तेच राहिलं. दारू नाही, सिगारेट नाही. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या शिऱ्याचे द्रोण भरायला त्यालाच बसवतात, कारण त्याचा शेवटचा द्रोण पहिल्याइतकाच भरलेला असतो.

असा माणूस जुगारात घर घालवील हे कोणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्याच्या बायकोनं, सुनेत्रानं, कोणाला सांगितलंच नाही.

सुरुवात २०१६ च्या डिसेंबरात झाली. कंपनीची नाताळची पार्टी एका कॅसिनोच्या हॉटेलात होती. जेवणानंतर प्रत्येकाला वीस डॉलरचं कूपन मिळालं. बाकीचे यंत्रांपुढे बटणं दाबत बसले. उन्मेष ब्लॅकजॅकच्या टेबलामागे तासभर नुसता उभा राहिला. घरी येऊन म्हणाला, "तो जुगार नाहीच आहे सुनेत्रा. गणित आहे. आपले पत्ते काय, समोरच्याचा उघडा पत्ता काय, यावर काय करायचं ते ठरलेलं असते. लोकं चुका करतात म्हणून हरतात." दोन महिन्यांत त्याचा सगळा तक्ता पाठ झाला. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग कामावरून परस्पर.

सुनेत्रा साताऱ्याची. औषधांच्या दुकानात कॅश काउंटरवर एकोणीस वर्षं काढलेली बाई. तिला तो खेळ कधी नीट कळला नाही, पण त्याची लय कळली. टेबलावरच्या पेटीतले पत्ते संपत आले की वाटणारा खेळ थांबवून ते पुन्हा पिसतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात खांद्यावर हात ठेवून "अहो, चला" म्हटलं तर उन्मेष उठतो. डाव चालू असताना म्हटलं तर त्याला ऐकूच येत नाही. त्या दोन-तीन मिनिटांच्या आधारावर तिनं चार वर्षं संसार केला.

२०२१ साली राहतं घर विकावं लागलं. मंडळात सांगितलं की सुनेत्राचे गुडघे गेले, जिने चढवत नाहीत, बर्फ शोव्हल करवत नाही, म्हणून लिफ्टच्या इमारतीत कॉन्डो घेतला. गोष्ट खरी वाटावी म्हणून त्या वर्षीच्या गणपतीत ती तीन दिवस लंगडत चालली. अवंतिका नावाच्या मैत्रिणीनं भारतातून मागवलेलं गुडघ्याचं तेल दिलं, तेही तिनं मान खाली घालून घेतलं. मुलगी चैत्राली तेव्हा दूर पूर्वेकडच्या कनाटा गावी एका टेलिकॉम कंपनीत लागून दोन वर्षं झाली होती. तिलाही गुडघेच सांगितले.

मार्च २०२२ मध्ये उन्मेष आपण होऊन म्हणाला, "बस झालं आता. मला आत घेऊच नका असं त्यांनाच लिहून देतो." प्रांतात तशी सोय आहे. अर्ज भरून फोटो काढू दिला की ठरलेल्या मुदतीपर्यंत प्रांतातला कुठलाही कॅसिनो त्या माणसाला दारातून परत पाठवतो. उन्मेषनं तीन वर्षांची मुदत लिहिली. सुनेत्रा बरोबर गेली होती. फोटो काढणारी मुलगी त्याला म्हणाली, "हसू नका, सरळ बघा," अगदी पासपोर्टच्या फोटोला सांगतात तसं. सही झाल्यावर दोघं गाडीत येऊन बसली, आणि कितीतरी वेळ कोणी किल्ली फिरवली नाही.

त्यानंतरची दोन वर्षं आणि तीन महिने बरे गेले. उन्मेष भाकरी करायला शिकला. पिठाचा प्रत्येक गोळा काट्यावर ठेवून बघायचा. सुनेत्रा हसायची. भाकऱ्या मात्र चांगल्या होत.

२०२४ च्या बावीस जूनला त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती. एप्रिलमध्ये एका रविवारी चैत्रालीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, साठीशांत करायची म्हणजे आधी गुरुजी शोधा, आणि होम पेटवला की तुमच्या कॉन्डोचा स्मोक अलार्म वाजणार. सो आय डिड समथिंग बेटर. आपण तिघं अलास्का क्रूझला जातोय! व्हँकुव्हरहूनच बोट आहे. बाल्कनीची रूम. पैसे भरलेत, नो रिफंड, सो डोंट आर्ग्यू."

फोन ठेवल्यावर सुनेत्रानं बोटीची माहिती उघडून पाहिली. पोहण्याचा तलाव, स्पा, कॅसिनो, लायब्ररी, अशी ओळीनं नावं होती. जेवताना तिनं ते उन्मेषला सांगितलं.

तो ताटाकडे बघत म्हणाला, "चैत्रालीला सांगून टाकू. तीच बदलून घेईल. बँफला जाऊ, डोंगर बघू."

"आणि काय सांगायचं? बाबांना कॅसिनो दिसला की राहवत नाही? एकतीस वर्षांची पोर, पहिल्यांदा आपल्यासाठी एवढ्या हौसेनं काही करतेय. तिचं लग्न ठरायचंय अजून. नको."

"सांगितलेलं बरं सुनेत्रा."

"मी आहे ना बरोबर."

उन्मेषनं तिसऱ्यांदा म्हटलं नाही. त्यानं भाजी वाढून घेतली.

तिनं आपल्या परीनं तयारी केली. दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत मागच्या गल्लीत उभं राहून तिनं प्रांताच्या मदतीच्या नंबरवर फोन केला आणि विचारलं, की आमच्या घरातल्या एकांचं नाव यादीत आहे, ती यादी बोटीवर चालते का? पलीकडची बाई फार मायेनं बोलली. यादी प्रांतापुरती आहे, म्हणाली. बोटीवर गेल्यावर तिथल्या लोकांना सांगून बघा, खेळायला बंदी करता येत असेल.

रविवारी, सोळा जूनला, बॅगा खोलीत टाकल्याबरोबर सुनेत्रा चौकशीच्या काउंटरवर गेली. तिथल्या मुलीनं एक फॉर्म दिला, पण म्हणाली, सही स्वतः त्या प्रवाशाची लागेल, बायकोची चालत नाही. सुनेत्रा फॉर्म घेऊन खोलीत आली तेव्हा चैत्राली बाल्कनीत फोटो काढत होती. उन्मेष म्हणाला, "देतो ना सही. बोट बंदरात आहे तोवर त्यांचा कॅसिनो बंदच असते. पेन कुठे आहे?" तेवढ्यात संकटसमयीच्या सरावाचा भोंगा वाजला आणि चैत्राली दोघांना हाताला धरून डेकवर घेऊन गेली. फॉर्म पर्समध्ये राहिला.

सोमवारी दिवसभर बोट समुद्रातच होती. सकाळी चैत्राली आईला टॉवेलच्या घड्यांचे हत्ती आणि माकडं करायला शिकवणाऱ्या वर्गाला घेऊन गेली. उन्मेष लायब्ररीत बसतो म्हणाला होता. अकराच्या सुमाराला सुनेत्रा एकटीच परत निघाली. बोटीवर जेवणघराकडून लिफ्टकडे यायचं तर वाट कॅसिनोतूनच होती. लाल गालिच्यावरून ती मान खाली घालून झपाझप चालली होती आणि तिला मराठी ऐकू आलं.

"अहो किहीमकर, सोळावर अडून नका राहू. वाटणारीचा दहा दिसून राहिला ना समोर. घ्या पत्ता."

"घेतला आणि एकवीसच्या वर गेलो तर?"

"जाल बहुतेक. पण न घेता जितकं हराल, त्यापेक्षा थोडं कमी हराल."

"ही काय रीत झाली बोधनकरसाहेब! सुरी इकडून फिरवा नाहीतर तिकडून, मान माझीच!"

ब्लॅकजॅकच्या टेबलाशी एक सत्तरीचे गोरेपान गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून, उन्मेष उभा होता. सुनेत्राला पाहिल्याबरोबर त्यानं दोन्ही हात पुढे करून दाखवले. "मी कुठे खेळून राहिलो? उभा आहे फक्त. पाकीटसुद्धा तुझ्याजवळ आहे."

गृहस्थांचं नाव सॉल किहीमकर. अलिबागकडचे बेने इस्रायल, चाळीस वर्षं टोरांटोत. शेजारी त्यांच्या पत्नी फ्लोराबाई आइस्क्रीमचा कप घेऊन बसल्या होत्या.

"बसा हो बाई," त्या म्हणाल्या. "तुमचे मिस्टर किती छान समजावून सांगतात! मला चाळीस वर्षांत आमच्याला एक गोष्ट शिकवता आली नाही."

"शिकलो की," सॉल म्हणाले. "गप्प बसायला शिकलो."

"हे वाचलं का तुम्ही?" उन्मेषनं टेबलाच्या हिरव्या कापडावर छापलेल्या ओळीकडे बोट दाखवलं. "ब्लॅकजॅकला पाचाला सहा."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"लूट आहे. पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहा किंवा चित्र आलं की ब्लॅकजॅक. खेळातला सगळ्यात चांगला हात. त्याला दोनाला तीन मिळायला पाहिजे. दहा लावले तर पंधरा. इथं बारा देतात. तुमचं नशीब उघडते तेव्हाच नेमके तीन डॉलर कापून घेतात. दुसरं, वाटणाऱ्याचे एक्का धरून सतरा झाले तर त्यानं थांबायला पाहिजे. इथं तो आणखी एक पत्ता घेतो. आणि हे यंत्र बघा." त्यानं वाटणारीच्या डाव्या हाताकडची काळी पेटी दाखवली. "खेळलेले पत्ते लगेच परत आत. आतल्या आत पिसणं चालूच. पत्ते कधी संपतच नाहीत. तासाला डाव जास्त होतात, म्हणून तासाला हरणंही जास्त. जमिनीवर असे नियम लावले तर माणूस उठून दुसरीकडे जाईल. समुद्रात कुठे जाईल?"

"मग इथं बसतो तो मूर्ख?"

"शंभर टक्के."

"तर मग मी शंभर डॉलरचा मूर्ख," सॉल खुशीत म्हणाले. "शंभर गेले की जेवायला. फ्लोरा, किती उरले?"

"चाळीस. लवकर घालवा, मला भूक लागलीये."

सगळे हसले. सुनेत्राही हसली. तिला वाटलं, ज्याला खोट इतकी नेमकी दिसते तो तिथं कशाला बसेल? खोलीत आल्यावर तिनं तरीही फॉर्म काढला. उन्मेष म्हणाला, "अगं, सही कशाला आता? तिथं बसण्यासारखं काही नाहीच आहे. पाचाला सहा!" एखाद्या दुकानाचा काटा नापास करताना तो ज्या आवाजात बोले तोच हा आवाज होता. तिला तो ओळखीचा वाटला. तिनं फॉर्म घडी करून परत ठेवला.

मंगळवारी जूनो, बुधवारी स्कॅगवे. बंदरात बोट असली की कॅसिनोला कुलूप. जूनोच्या एका मासळीच्या दुकानात उन्मेष काट्यापुढे थबकला, वाकून बघितलं आणि दुकानदाराला म्हणाला की तुमचा काटा तिरपा बसलाय, प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्हीच थोडं जास्त देताय. त्यानं काट्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून तो सरळ करून दिला. दुकानदारानं खूश होऊन धुरावलेल्या सामन माशाचा एक तुकडा कागदात बांधून दिला. "बाबा, यू आर ऑन व्हेकेशन!" चैत्राली हसून हसून दमली. तिघांनी बंदरावरच्या बाकावर बसून तो तुकडा वाटून खाल्ला. सुनेत्राला कितीतरी वर्षांनी वाटलं, की आपल्याला एक घर आहे.

गुरुवारी हिमनदी पाहून बोट परत फिरली. चारच्या सुमाराला उन्मेष म्हणाला, डेकवर चकरा मारून येतो. शुक्रवारी केचिकन सोडल्यावरही तेच म्हणाला. सुनेत्राचे पाय चालून चालून दुखत होते, ती दोन्ही दिवस पडून राहिली. जेवायच्या वेळेला तो परत आला होता आणि पोटभर जेवला होता.

शनिवारी त्याचा वाढदिवस. बोट पुन्हा दिवसभर समुद्रात. साठीला साठ दिव्यांनी ओवाळायचं, पण बोटीवर आग पेटवायला बंदी. चैत्रालीनं बॅटरीवर चालणारे साठ दिवे ऑनलाइन मागवून बॅगेतून आणले होते. अकराचा मुहूर्त तिनंच ठरवला होता. सुपारी, अक्षता, आईची अंगठी, सगळं ट्रेमध्ये मांडून झालं. सव्वादहाला उन्मेष नवा पांढरा शर्ट घालून "कॉफी घेऊन येतो" म्हणून गेला होता. पावणेअकरा झाले तरी तो आला नाही.

"बाबा कुठे राहिला?"

"बघून येते," सुनेत्रा म्हणाली. ती कॉफीच्या काउंटरकडे गेलीच नाही, सरळ खाली उतरली.

तो मधल्या खुर्चीवर बसला होता. पुढ्यात डावाला लावायच्या चिप्सच्या चळती होत्या, सगळ्या सारख्या उंचीच्या. सुनेत्रा मागे जाऊन उभी राहिली आणि जुन्या सवयीनं पत्ते पिसायची वेळ यायची वाट बघू लागली. दोन मिनिटं झाली. पाच झाली. वाटणारी मुलगी पत्ते वाटी, गोळा करी, यंत्रात घाली, आणि यंत्र दुसरे पत्ते पुढे करी. खंड पडतच नव्हता. सोमवारी कानावर पडलेलं तिला आता समजलं. ज्या दोन-तीन मिनिटांत ती त्याला उठवू शकत असे, ती इथं नव्हतीच.

तिनं खांद्यावर हात ठेवला. "अहो, चैत्राली थांबलीये."

"हा एक डाव."

तो डाव झाला. पुढचाही झाला.

"पैसे कुठले? पाकीट माझ्याकडे आहे."

त्यानं टेबलावरच्या कार्डाला बोट लावलं. खोलीच्या किल्लीचं कार्ड. कॉफी त्यावरच, फोटो त्यावरच, आणि तिघांचाही हिशेब चैत्रालीच्या क्रेडिट कार्डवर. बाबा, तू एक पैसा काढायचा नाहीस, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"किती?"

"जमवून राहिलो ना. परवाचं आणि कालचं भरून आलं की उठतो."

"परवाचं?" सुनेत्रानं विचारलं. "तुम्हीच म्हणालात ना, इथं बसतो तो मूर्ख?"

"माहीत आहे मला."

"पाचाला सहा."

"माहीत आहे ना सुनेत्रा! मला सगळं माहीत आहे." तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं काहीतरी मान्य करावं म्हणून विनवणी करत असल्यासारखा तो चेहरा होता. "तीन दिवसांत एकही चूक नाही केली मी. एकही पत्ता चुकीचा नाही घेतला. विचार हिला."

त्याच डावाला त्याला एक्का आणि राजा आला. पंचवीस लावलेले होते. मुलीनं इंग्रजीत अभिनंदन केलं आणि तीस पुढे ठेवले. उन्मेषनं त्या तिसांकडे पाहिलं. "साडेसात कमी," तो स्वतःशीच म्हणाला, आणि चिप्स पुन्हा पुढे सरकवल्या.

"काय बोधनकरसाहेब!" मागून जाता जाता सॉल किहीमकर ओरडले. "मास्तरच वर्गात येऊन बसले?" फ्लोराबाईंनी सुनेत्राच्या तोंडाकडे पाहिलं आणि नवऱ्याची बाही धरून त्याला पुढे ओढत नेलं.

आणि समोरून चैत्राली आली. हातात फोन, कॅमेरा चालू.

"ओ माय गॉड, बाबा! यू आर गॅम्बलिंग?" ती आनंदानं किंचाळलीच.

उन्मेषचे हात टेबलावर जिथं होते तिथंच राहिले. त्यानं सुनेत्राकडे पाहिलं. सांगायचं असेल तर आत्ता सांग, असं ते बघणं होतं की सांभाळून घे, असं होतं, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही. तिच्या तोंडून जे इतकी वर्षं येत होतं तेच आलं.

"मीच बसवलं गं. साठीची गंमत. वीस डॉलर खेळा म्हटलं."

"आई, यू? सो क्यूट! बाबा, इकडे बघ. स्माइल!"

तो हसला. फोटो निघाला. मग तिघं वर गेली, साठ दिव्यांनी ओवाळणं झालं, फोटो नागपूरच्या आणि साताऱ्याच्या ग्रुपवर गेले आणि तिकडून हात जोडल्याची चित्रं आली. रात्री जेवणानंतर चैत्राली झोपली. उन्मेष पुन्हा खाली निघाला तेव्हा सुनेत्रा त्याच्याबरोबर गेली आणि पहाटे चार वाजेपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली. एकदाही बोलली नाही. बोलायला जागाच सापडली नाही.

रविवारी सकाळी बोट व्हँकुव्हरला लागली तेव्हा दाराच्या फटीतून हिशेबाचा कागद आत आलेला होता. कॅसिनोच्या ओळींची बेरीज चार हजार आठशे साठ अमेरिकन डॉलर.

"दे मेस्ड अप," चैत्राली म्हणाली. "बाबा वीस डॉलर खेळला. फोर थाउजंड एट हंड्रेड सिक्स्टी? कोणीतरी त्याचं कार्ड कॉपी केलंय. आय ॲम नॉट पेइंग धिस."

ती तरातरा चौकशीच्या काउंटरकडे गेली. मागून बॅगा ओढत आईवडील. रांगेत पंधरावीस माणसं होती. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागायचं, वाटणाऱ्या मुलीचं नाव विचारायचं, तिची तक्रार लेखी द्यायची, असं चैत्राली मोठ्यानं ठरवत होती. सुनेत्राला ती मुलगी आठवली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर तिच्या देशाचं नावही लिहिलेलं होतं; तक्रार झाली तर तिला तिकडे परत जावं लागलं असतं. पुढे चार माणसं उरली तेव्हा सुनेत्रा म्हणाली,

"चैत्राली, रांग सोड. बिल बरोबर आहे."

"व्हॉट?"

"बाबांनीच खेळलेत. हे २०१६ पासून आहे. आपलं घर त्यातच गेलं. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही."

चैत्रालीनं आईकडे पाहिलं, मग कागदाकडे. "एट इयर्स," ती हळूच म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "बाबा?"

उन्मेषनं बॅगेचा दांडा घट्ट धरला होता. 

"त्यांचे नियमच वाईट आहेत गं," तो म्हणाला. "ब्लॅकजॅकला पाचाला सहा देतात. दोनाला तीन पाहिजे. मला एकोणतीस वेळा ब्लॅकजॅक आला, आणि प्रत्येक वेळी पंचवीसला साडेसात कमी. म्हणजे दोनशे साडेसतरा तर तिथंच गेले. आणि सतरावर तो थांबत नाही..."

तो सांगत राहिला. यंत्राचं सांगितलं, तासाला किती डाव होतात ते सांगितलं. एकही आकडा चुकीचा नव्हता. चैत्राली त्याच्याकडे बघत होती आणि मधूनमधून मान हलवत होती, समोरच्याची भाषा न कळणारा माणूस भिडेखातर हलवतो तशी. काउंटरवरून "नेक्स्ट" म्हणून हाक आली. ती पुढे गेली.

"नो, इट्स करेक्ट," ती म्हणाली. "आय जस्ट नीड अ कॉपी."

टॅक्सीच्या रांगेत ती आईला म्हणाली, "एप्रिलमध्ये सांगितलं असतंस तर मी माउंटन्स बुक केले असते."

"बाबा सांगणार होते," सुनेत्रा म्हणाली. "मी नको म्हटलं."

चैत्राली चार दिवस सरेला राहून मग परत जाणार होती. ती तिथूनच विमानतळावर गेली. सुनेत्रानं पाठवलेला चेक तिनं बँकेत टाकला नाही. फोन मात्र ती दर शनिवारी करते, आणि आईलाच करते.

मार्च २०२५ मध्ये तीन वर्षांची मुदत संपली. सुनेत्रानं नवा अर्ज आणून टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. उन्मेष म्हणाला, "करू." पुढच्या आठवड्यातही म्हणाला, "करू." एप्रिलमध्ये म्हणाला, "मी आता किहीमकरांसारखा जाणार. महिन्यातून एकदा, शंभर डॉलर संपले की जेवायला घरी." सुनेत्रानं वाद घातला नाही. वाद घालायला माणसाला समोरच्याकडून काहीतरी नवं ऐकायची आशा लागते. जूनपर्यंत महिन्याचा आठवडा झाला. आता दर शनिवारी दुपारी दोनला तीच त्याला गाडीनं सोडते, कारण सोडलं नाही तर तो बसनं जातो आणि मग कधी येईल ते कळत नाही. ती आत जात नाही. तिथले पत्ते अजून हातानं पिसतात, मध्ये थांबतात. तरी जात नाही. पार्किंगमध्ये काच थोडी उघडी ठेवून, थर्मासातला चहा घेत बसते.

परवाच्या शनिवारी ती तशी बसली असताना चैत्रालीचा फोन आला.

"आई, कुठे आहेस?"

"ग्रोसरीला आलेय."

"आणि बाबा?"

"आत आहेत. लाइन मोठी आहे."



"ओके," चैत्राली म्हणाली. कनाटात बर्फ पडायला लागला होता. विंटर टायर लावायला तिला पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली होती, गॅरेजवाला दरवर्षीपेक्षा जास्त मागत होता, हिवाळ्याचे नवे बूटही घ्यायचे होते. सुनेत्रा दाराकडे बघत ऐकत राहिली. बाबा किती वेळ लाइनीत आहेत, हे चैत्रालीनं विचारलं नाही.